शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र: आधी पोरांना वाचता येऊ द्या, आवड मागून येईल

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
आणि शालेय शिक्षण विभागातले सचिव, आयुक्त, संचालक, सगळेच

स.न.वि.वि.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावात अनुदानित शाळेत नववी-दहावीला मराठी शिकवते. रीतसर मार्गाने पत्र पाठवलं असतं तर मुख्याध्यापक, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी, उपसंचालक असं करत ते कुठल्या टेबलावर थांबलं ते मला कधी कळलंच नसतं, म्हणून उघड लिहितेय. पालकांनी पण वाचावं, शिक्षकांनी पण वाचावं, ज्यांना पटणार नाही त्यांनी तसं सांगावं.

गेली काही वर्षं कुठल्याही प्रशिक्षणाला गेलं, शिक्षण परिषदेला गेलं की एक वाक्य ठरलेलं असतं, आजकालच्या मुलांना शिकायची आवडच राहिली नाही, त्यांच्यात प्रेरणा निर्माण करा. मग पीपीटी लागते, कुणीतरी रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करून मोठा साहेब झाल्याची गोष्ट होते, चहा होतो, फीडबॅकची लिंक भरतो आणि घरी येतो. पालक सभेला आई-वडील पण तेच बोलतात, मॅडम याचं अभ्यासात मनच लागत नाही बघा, दिवसभर मोबाईल. म्हणजे सगळे मिळून पोराच्या मनालाच दोष देतात. मला इतक्या वर्षांत वर्गात जे दिसलंय ते असं आहे की मन लागत नाही कारण समजत नाही, आणि समजत नाही कारण वाचताच येत नाही. सगळ्या मुलांबद्दल नाही म्हणत मी. पण ज्यांच्याबद्दल आपण "प्रेरणा नाही" म्हणतो त्यातल्या बहुतेकांबद्दल नक्की म्हणतेय.

दरवर्षी जूनमध्ये नववीचा वर्ग हातात आला की मी एक काम करते. एकेका मुलाला बाजूला घेते, एकटं, वर्गासमोर अजिबात नाही, आणि पाचवीच्या पुस्तकातला एक परिच्छेद वाचायला देते. काही पोरं सरसर वाचतात, काही अडखळत का होईना शेवटाला पोचतात. आणि दर वर्गात अशी पोरं असतातच, थोडीथोडकी नसतात, जी जोडाक्षर आलं की थांबतात. "विद्यार्थी" वाचतात कारण तो शब्द पहिलीपासून वहीवर लिहून लिहून डोळ्यात बसलाय, पण "दुष्काळग्रस्त" आला की पहिलं अक्षर बघून अंदाजाने काहीतरी ठोकून देतात, आणि ओळ संपेपर्यंत सुरुवातीला काय होतं ते गेलेलं असतं. या पोराला मी दहा महिने काय शिकवायचं? अलंकार? वृत्त? त्याच्या पुढे इतिहासाचं पुस्तक आहे, विज्ञानाचं आहे, गणितातली शाब्दिक उदाहरणं आहेत जी त्याला गणित येत असलं तरी सुटणार नाहीत कारण प्रश्नच वाचता येत नाही.

तुम्ही म्हणाल मग ही मुलं नववीपर्यंत आली कशी, कुणाच्या लक्षात कसं आलं नाही. नाही येत लक्षात. या पोरांनी लपवायची कला फार मेहनतीने मिळवलेली असते. त्यांचं अक्षर बऱ्याचदा वर्गात सगळ्यात सुंदर असतं कारण फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवून घ्यायची सवय असते, एकही शब्द न वाचता अख्खं पान, आणि वही तपासणाऱ्याला वही पूर्ण दिसते. वाचायची पाळी येणार असं दिसलं की पाणी प्यायला जायचं असतं, घसा बसलेला असतो, पुस्तक घरी राहिलेलं असतं. स्वाध्यायाची उत्तरं गाईडमध्ये आयती असतात, तिथून तशीच उतरवायची. आणि आता तर मोबाईलमध्ये टाईप पण करावं लागत नाही, व्हॉइस मेसेज पाठवायचा, यूट्यूबला बोलून शोधायचं, त्यामुळे घरी आईबापांना पत्ताच लागत नाही की आपलं पोर वाचू शकत नाहीये, उलट त्यांना वाटतं मोबाईलमध्ये एवढा हुशार आहे म्हणजे अभ्यासाचाच कंटाळा असणार. मोबाईलने नुकसान केलंय हे मला मान्य आहे, रात्री दोनपर्यंत गेम खेळून पोरं सकाळी वर्गात पेंगतात हे मी रोज बघते. पण एक गोष्ट आपण बोलत नाही, की त्या पोराच्या दिवसातली मोबाईल ही एकच जागा आहे जिथे त्याला काहीतरी जमतं आणि जिथे कुणी त्याचा अपमान करत नाही. शाळेत सकाळपासून संध्याकाळपर्यंत, आठ तासिका, त्याला न कळणाऱ्या भाषेत लोक बोलत असतात आणि त्याने गप्प बसून कळल्यासारखा चेहरा करायचा असतो. मोठ्या माणसाला अशा नोकरीवर ठेवलं तर महिनाभरात सोडून जाईल, आणि आपण त्याच्याकडून उत्साहाची अपेक्षा करतो.

हे माझ्या एकटीच्या वर्गाचं नाहीये. असरचा, म्हणजे ग्रामीण मुलांना वाचन-गणित किती येतं त्याच्या पाहणीचा अहवाल तुमच्या टेबलावर असतोच. २०२४ च्या अहवालात देशातल्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांमध्ये तिसरीतली फक्त २३.४ टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकली, आणि सरकारी-खासगी सगळ्या मिळून आठवीतली ४५.८ टक्के मुलं साधा भागाकार करू शकली. आणि त्याच वेळी आपला दहावीचा निकाल २०२४ ला ९५.८१ टक्के, २०२५ ला ९४.१० टक्के. हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. मला दहावीच्या निकालाचा आनंद होतोच, माझीच पोरं आहेत ती, पण त्या निकालात पास झालेली सगळी मुलं अर्ज स्वतः वाचून भरू शकतात असं मी शपथेवर सांगू शकत नाही.

कोरोनाने हे सगळं अजून खोल नेलं. २०२५-२६ ला नववीत बसलेली पोरं २०२० च्या जूनमध्ये चौथीत जाणार होती, त्याच वर्षी सहावीत असलेल्यांची तर पहिली झालीच नाही, ग्रामीण भागात पहिली ते चौथीच्या शाळा उघडल्या त्या १ डिसेंबर २०२१ ला, आणि जानेवारीत परत बंद. म्हणजे अख्खी पहिली आणि अर्धी दुसरी, ज्या वयात अक्षर आणि आवाज यांची गाठ पडते तेच वय, घरात किंवा शेतात गेलं. त्यावर आपण २०२१ ला काय केलं तर ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम, म्हणजे आधीच्या वर्गाची उजळणी, तो पण शाळा बंद असताना, पीडीएफवर, नंतरचे सेतू त्याहून छोटे. मग पोरं पुढच्या वर्गात, पुढचं पुस्तक, आणि विषय संपला. ती पोरं आता एकेक वर्ष माध्यमिकमध्ये येतायत. अजून काही वर्षं येत राहणार आहेत. यांच्यासाठी वेगळं काही करायचं ठरलंय का, मला तरी शाळेत असं काही आलेलं दिसलं नाही.

आता तिसरीच्या वर्गात काय चालतं ते बघू, कारण मूळ तिथे आहे. मी माध्यमिकची आहे, झेडपीच्या शिक्षकांना नावं ठेवणं मला फार सोपं आहे, आमच्या स्टाफरूममध्ये पण ते चालतं, खालून कच्ची पोरं पाठवतात वगैरे. पण मी त्यांच्या शाळा जवळून बघितल्यात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला ६० पटापर्यंत दोन शिक्षक. म्हणजे आमच्या भागातली बहुतेक गावं, वाड्या, तांडे. दोन शिक्षक, चार किंवा पाच वर्ग. त्यातला एक मुख्याध्यापकाचा चार्ज सांभाळणार. त्याच्याकडे पोषण आहाराचं रजिस्टर आणि रोजचा आकडा ॲपवर, यूडायस प्लस आणि सरल ही माहिती भरायची पोर्टलं, प्रत्येक मुलाचा ओळख क्रमांक म्हणजे अपार आयडी. अपारमध्ये आधारवर नाव एक, दाखल्यावर एक, मग बापाला बोलवा, बाप ऊसतोडीला गेलेला, मग आधार दुरुस्तीला तालुक्याला. आणि हे सोडून पण देता येत नाही कारण संचमान्यतेत, म्हणजे शाळेला शिक्षकांची पदं किती ते ठरवताना, आधार जुळलेलीच मुलं धरणार, एक मूल सुटलं तर एक पद जाऊ शकतं. मग निवडणुका आल्या की बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम. मग प्रौढ निरक्षरांचा सर्व्हे. मग कुठल्यातरी दिवसाचे फोटो अपलोड करा, दुपारी एकला ग्रुपवर मेसेज की तीनपर्यंत गुगल शीट भरा, अतितातडीचे. त्या दिवशी दुसरा शिक्षक एकटा चार वर्ग बसवतो, बसवतो हाच शब्द बरोबर आहे, शिकवत नाही, शिकवणं शक्यच नाही. आणि पहिलीतल्या पोराला वाचायला शिकवायचं म्हणजे त्याच्या शेजारी बसावं लागतं, त्याचं बोट कुठल्या अक्षरावर आहे आणि तोंडातून काय येतंय हे ऐकावं लागतं, रोज, महिनोन्‌महिने. यात खंड पडला की पोर मागे पडतं आणि मागे पडलेलं पोर गप्प होतं, दंगा करणारं असेल तर मागे जाऊन बसतं, आणि तिसरीत त्याला पहिल्यांदा "हा ढ आहे" असं कुणीतरी म्हणतं. आवड तिथे मरते. नववीत आमच्यापर्यंत येते ती त्याची राहिलेली हजेरी.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ स्पष्ट आहे, दर दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यापलीकडे शिक्षकाला दुसरं काम देता येत नाही. २०२४ मध्ये तुमच्याच विभागाने शैक्षणिक कामं कुठली, अशैक्षणिक कुठली याची यादी काढली. यादी चांगली आहे. पण यादीमुळे एक पण लिंक कमी झाली नाही, बरीचशी कामं "शैक्षणिक" या रकान्यात गेली एवढंच झालं.

आणि मग निर्णय. मी राजकारणावर बोलत नाहीये, कुठलं सरकार चांगलं कुठलं वाईट हा माझा विषय नाही, मी फक्त शाळेत काय येऊन पडतं ते सांगतेय. २०२३ ला पाठ्यपुस्तकात वहीची कोरी पानं घातली, पुस्तकांचे चार भाग केले, २०२५ च्या जानेवारीत ते बंद. राज्यात एकच गणवेश, कापड वरून येणार, बचत गटांनी शिवायचं, २०२४ चा पावसाळा उलटला तरी कित्येक शाळांत पोरं जुन्याच कपड्यात, आले ते मापात नव्हते, डिसेंबरात निर्णय मागे आणि गणवेश परत शाळा व्यवस्थापन समितीकडे. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी, जूनमध्ये त्यात बदल, जून संपायच्या आत दोन्ही जीआर रद्द आणि समिती. या प्रत्येक वेळी मीटिंग झाल्या, प्रशिक्षणं झाली किंवा ठरली, माहिती मागवली, पालक गेटवर येऊन विचारत बसले की नक्की काय आहे, आणि शिक्षकाकडे उत्तर नव्हतं. पहिलीच्या पोराला तिसरी भाषा कुठली यावर राज्यभर महिनाभर बोलणं झालं, आणि तिसरीच्या पोराला पहिली भाषा वाचता येत नाही यावर कुणी एक दिवस पण भांडलं नाही याचं मला मराठीची शिक्षिका म्हणून फार वाईट वाटलं. खरंच रडू आलं त्या दिवसांत.

२०२३ च्या डिसेंबरात पाचवी आणि आठवीला परत वार्षिक परीक्षा आली, नापास झालं तर फेरपरीक्षा, त्यातही नापास तर त्याच वर्गात. पुष्कळ शिक्षकांना हे आवडलं, भीती असेल तर पोरं अभ्यास करतील म्हणून. मला पटत नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला पेपरची भीती दाखवून वाचता येणार नाही, तो शाळाच सोडेल, मुलगी असेल तर तिचं लग्न ठरेल, आमच्या भागात हे सांगायला वेगळी आकडेवारी लागत नाही. परीक्षा घ्या, माझा परीक्षेला विरोध नाहीये, पण परीक्षेत जे कळेल त्यावर शिकवणार कोण, कधी, कुठल्या तासिकेला, हे त्या जीआरइतकंच ठळक यायला पाहिजे होतं. दहावीला कॉपी होऊ नये म्हणून २०२५ ला काही ठिकाणी ड्रोन उडवले. कॉपी वाईटच, पण सात-आठ वर्षं ज्याच्याकडून फक्त उतरवून घेतलं त्याला आपण सोळाव्या वर्षी सांगतोय की आता उतरवू नको.

तुम्ही म्हणाल मॅडम, तक्रारी पुष्कळ झाल्या, उपाय सांगा. उपाय आपल्याच राज्यात आहेत आणि जुने आहेत. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेत किती आधीपासून दाखवलंय की मराठी वाचन शिकवायचं तर अख्खी मुळाक्षरं क्रमाने पाठ करून घ्यायची आणि मग बाराखडी, असं करायची गरज नाही, थोडी अक्षरं आणि एखाददुसरी मात्रा घ्यायची, त्यातूनच लगेच शब्द करायचे, अर्थाचे शब्द, मग पुढचा गट, म्हणजे पोराला पहिल्या काही आठवड्यातच कळतं की हे चिन्ह म्हणजे काहीतरी सांगणं आहे. साताऱ्याच्या कुमठे बीटात, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांमध्ये, झेडपीच्याच शिक्षकांनी, त्याच पगारात, त्याच खोल्यांत असं काम उभं केलं की राज्यभरातले शिक्षक ते बघायला जायचे, २०१५ ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा सरकारी कार्यक्रम सुरू झाला तेव्हा सगळीकडे त्याचंच नाव होतं. मग अधिकारी बदलले, नाव बदललं, नवीन उपक्रम आला. आणि वयाप्रमाणे नाही तर येतं किती त्याप्रमाणे पोरांचे गट करून रोज तासभर वाचन-गणित घ्यायचं, हे प्रथम या संस्थेने इतक्या ठिकाणी करून दाखवलंय की त्यात आता नवीन सिद्ध करायचं काही राहिलेलं नाही.

मी स्वतः नववीत हे छोट्या प्रमाणात करते, मधल्या सुट्टीनंतरच्या कार्यानुभवाच्या तासाला, मुख्याध्यापकांच्या परवानगीने, कारण शाळा सुटल्यावर थांबवता येत नाही, एसटी जाते, मुलींना शाळेत नेणारी मानव विकास योजनेची बस जाते. एक मुलगा होता, वडील ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. जूनमध्ये जोडाक्षर म्हटलं की मान खाली. कथा-कविता त्याला नकोच होत्या. म्हणून मी त्याला घरात जे कागद असतील ते आण म्हटलं. खताच्या पिशवीवरचं वाचलं, तणनाशकाच्या बाटलीवरचं वाचलं, आणि दिवाळीनंतर एक दिवस घरचा सातबारा घेऊन आला. इतर अधिकाराच्या रकान्यात सोसायटीचा बोजा लिहिलेला होता, तो त्याने अक्षर लावून लावून वाचला आणि मला विचारलं, मॅडम हे कर्ज तर आजोबांनी फेडलंय म्हणतात, मग हे इथे अजून कसं काय? त्यानंतर तो तलाठ्याकडे बापाबरोबर स्वतः गेला. आणि वर्गात, जो पोरगा कधी तोंड उघडत नव्हता, तो नागरिकशास्त्राच्या सरांना प्रश्न विचारायला लागला, सर ग्रामसभेचे कागद बघायला मिळतात का. त्याला मी प्रेरणेचं एक पण भाषण दिलं नव्हतं.

आता दुसरी बाजू पण लिहिते, नाहीतर हे पत्र खोटं होईल. वाचता आलं तरी पोरं विचारतात, शिकून काय होणार मॅडम? आणि या प्रश्नाला वाचनाचा तास पुरत नाही. त्यांच्या घरात, गल्लीत शिकलेला माणूस आहे आणि ते त्याच्याकडे बघतायत. आमच्या प्रत्येक गावात डीएड झालेला एक काका आहे. शेत विकून, कर्ज काढून डीएड केलं, कारण तेव्हा डीएड म्हणजे नोकरी असं होतं. २०१२ ला शिक्षक भरती थांबली, भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी झाली ती २०१७ च्या डिसेंबरात, तोवर तो काका तिशी ओलांडून कुठे कापड दुकानात, कुठे खासगी शाळेत पाच-सहा हजारावर. दरम्यान टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा घोटाळा निघाला, २०१९-२० च्या परीक्षेतले साडेसात हजारांहून जास्त उमेदवार परीक्षा परिषदेनेच अपात्र ठरवले, परिषदेचे आयुक्त अटकेत गेले. पोरं हे सगळं ऐकतात. अभ्यास करून पास होणारा बसून राहिला आणि पैसे देणारा पुढे गेला, असा अर्थ चौदा वर्षांच्या पोराने काढला तर मी त्याला चूक कसं म्हणू? शिक्षक होण्यासाठी शिकलेल्या माणसालाच शाळेने घेतलं नाही, ही गोष्ट त्याच शाळेतल्या पोरांना शिकायचं सांगताना आमच्या आड येते.

आणि पदं रिकामी नव्हती असं पण नाही. २०२३ ला निवृत्त शिक्षकांना २० हजार मानधनावर बोलावलं. ५ सप्टेंबर २०२४ ला, शिक्षक दिनालाच, २० किंवा कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी असा निर्णय निघाला, शिक्षकांनी २५ सप्टेंबरला सामूहिक रजा काढून मोर्चे काढले, तोवर मर्यादा २० वरून १० वर आली होती. मी निवृत्त शिक्षकांच्या विरोधात नाही, त्यातले कित्येक माझे गुरुजी आहेत. पण वाडीवरच्या दहा पोरांना पण दोन कायम शिक्षक मिळू नयेत, कारण ती दहाच आहेत, हा हिशोब पैशाचा होता, पोरांचा नव्हता, २०२५ ला तो निर्णय मागे घेतला तरी. त्याआधी २०२३ ला कमी पटाच्या शाळा एकत्र करून एकेक समूह शाळा करायचे प्रस्ताव मागवले होते. शाळा लांब गेली तर मुलगा सायकलवर जाईल. मुलगी घरी राहील. १८८२ साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी हेच म्हटलं होतं की सरकारचा पैसा वरच्यांच्या उच्च शिक्षणावर जातो आणि कष्टकऱ्यांच्या प्राथमिक शिक्षणाकडे कुणाचं लक्ष नाही. तारीख बदलून ते निवेदन आजही तसंच देता येईल.

ऊसतोडीचं लिहिल्याशिवाय आमच्या भागातलं पत्र पूर्ण होत नाही. दिवाळी झाली की ट्रॅक्टर भरून गावं रिकामी होतात, ती उन्हाळ्यात परत येतात, आणि पोरं बरोबर जातात कारण मागे ठेवायला कुणी नसतं. हंगामी वसतिगृहाची योजना चांगली आहे, जिथे नीट चालते तिथे पोरं टिकतात हे मी बघितलंय. पण वसतिगृह ट्रॅक्टर हलायच्या आधी सुरू झालं पाहिजे. एकदा पोर फडात गेलं की ते मार्चपर्यंत येत नाही, नंतर मंजुरी येऊन उपयोग काय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी कोसबाडला गुरं चारायला जाणाऱ्या आदिवासी पोरांसाठी शाळाच कुरणावर नेली होती, कुरणशाळा. ते पण याच महाराष्ट्रात, आणि तेव्हा ना पोर्टल होतं ना ॲप.

तर माझी मागणी काय आहे. पहिली ते तिसरीला शिकवणारा शिक्षक शाळेच्या वेळेत वर्गाबाहेर काढायचा नाही, कुणीही, कुठल्याही कामासाठी. कलम २७ मधलं काम आलंच तर आधी बाकीच्या खात्यांची माणसं वापरा, आणि शिक्षक न्यावाच लागला तर त्या दिवसांसाठी गावातल्याच डीएड झालेल्या मुलाला किंवा मुलीला पूर्ण मानधन देऊन वर्गावर ठेवा, ती माणसं आहेत, वाट बघतायत. ऑनलाइन माहितीसाठी शाळांच्या प्रत्येक केंद्राला एक माणूस द्या ज्याचं कामच ते असेल, म्हणजे गुरुजीच्या हातात मोबाईलऐवजी पुस्तक राहील. आणि दोन वर्षं, फक्त दोन वर्षं, एक पण नवीन उपक्रम, नवीन स्पर्धा, नवीन ॲप आणू नका. त्या दोन वर्षांत केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकाऱ्यांनी शाळेत येऊन फाईल बघायची नाही, पोरांना वाचायला लावून ऐकायचं, आणि जिथे अडतंय तिथे शिक्षकाला मेमो द्यायचा नाही, मदत द्यायची. कारण मेमो मिळायला लागले की आकडे खोटे येणार, हे तुम्हाला पण माहितीये आणि आम्हाला पण.

शिक्षक भरतीचं वेळापत्रक दरवर्षी ठरलेल्या तारखेला लागू दे, पदं थोडी असली तरी चालतील पण तारीख पक्की पाहिजे. गावातल्या डीएडच्या काकाला, आता त्याच्या पुतणीला, सरकारी शब्द खरा होतो हे एकदा दिसू दे. ते कुठल्याही पीपीटीपेक्षा जास्त काम करेल.

वरचं बरंचसं पैशाचं आणि मंत्रिमंडळाचं आहे, मला कळतं, वेळ लागेल. पण एक गोष्ट बिनपैशाची आहे. सहावी ते नववीच्या वेळापत्रकात रोज एक तासिका वाचनासाठी अधिकृत करा. वर्गाप्रमाणे नाही, येतं किती त्याप्रमाणे गट, त्या तासाला पाठ्यपुस्तक पूर्ण झालं का असं कुणी विचारणार नाही असं पत्रात स्पष्ट लिहा, आणि शाळेतल्या सगळ्या विषयांच्या शिक्षकांनी एकेक गट घ्यायचा, गणिताच्या सरांनी पण, पीटीच्या सरांनी पण. आत्ता माझ्यासारखे लोक हे कार्यानुभवाच्या तासाला वरच्या अधिकाऱ्यांपासून लपवून करतात आणि तपासणी असली की बंद ठेवतात. आयुक्त कार्यालयाच्या एका पत्राने हे उघडपणे करता येईल. नवीन वेळापत्रकं मे अखेरीस बनतात, त्याआधी ते पत्र काढा.

आपली,
नववी-दहावीला मराठी शिकवणारी एक शिक्षिका